बिनडागाची मेथी

गळीत सुरू झालं की आमच्या कसबा बावड्यात सकाळच्या धुक्याला गोडसर वास येतो. उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून उभ्या असतात आणि नदीकडच्या वाफ्यांवर दव इतकं साचतं, की मेथीतून चालताना साडी गुडघ्यापर्यंत भिजते. लोकांना ही थंडी आवडते. मला ती आली की आधी पान उलटं करून बघायची सवय लागली आहे. पानामागं रोगाचा ठिपका दिसला की समजायचं, आता आठवडाभर डोकं ठिकाणावर ठेवायला हवं.

परवा तो ठिपका दिसला. त्याच दिवशी मी धन्याचं बी आणायला औषधांच्या दुकानात गेले होते. दुकानदारानं न विचारताच तळहाताएवढी बाटली काउंटरवर ठेवली.

"ताई, हे न्या. नॅनो तांबं. पंपाला टोपणभर पुरं. डाग न्हाय, वास न्हाय, खाली गाळ बसत न्हाय."

"पालेभाजीवर मारल्यावर किती दिवसांनी काढायची?"

"सगळी मारत्यात की."

"मारतात ते कळलं. काढायची कधी?"

तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. मी बी घेतलं आणि घरी आले. पण त्या बाटलीनं तीन वर्षांपूर्वीची थंडी पुन्हा माझ्यासमोर आणून उभी केली. त्या थंडीतही ठिपके होते, अशीच एक बाटली होती, आणि आमच्या घरात आठ-दहा दिवस कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

तांब्याबद्दल आपल्या माणसांच्या मनात वाईट काही नसतंच. देव तांब्याच्या ताम्हनात, पाणी तांब्याच्या कळशीत. माझे सासरे रोज सकाळी रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी पितात आणि त्यावरच आपली तब्येत उभी आहे असं येईल त्याला सांगतात. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात; गल्लीला ते आबा. मामांचं वय पंच्याहत्तरीच्या पुढं, कंबर ताठ, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. "तांबं पोटात गेलं तर माणूस बरा हुतोय," हे त्यांचं ठाम मत. अशा घरात तांब्याला घाबरा म्हणून सांगणं म्हणजे तुळशीला घाबरा म्हणण्यासारखं.

मामा स्वतः आयुष्यभर तांबं फवारत आले. त्यांच्या काळात ते मोरचूद होतं. निळेभोर खडे एका पिंपात भिजवायचे, दुसऱ्यात चुना विरघळवायचा, मग दोन्ही एकत्र ओतायचं. मिश्रण जमलं का, हे बघायला मामा त्यात विळा बुडवत. विळ्याच्या पात्यावर तांबूस थर चढला की चुना कमी पडला, आणखी घाला. मी लग्न होऊन आले तेव्हा ह्या कामाची मला गंमत वाटायची. फवारून झालं की सगळं निळं. वांग्याची पानं निळी, टोमॅटोचे दांडे निळे, मामांच्या हाताची नखं निळी, बांधावरचा दगडसुद्धा निळा. ते निळं दोन-दोन पावसांतही पुरतं जात नसे. दुरून येणाऱ्या माणसालाही कळायचं, इथं औषध मारलंय, हात लावायचा नाही.

पालेभाजीवर मात्र मामांनी मोरचूद कधी मारलं नाही. त्यामागं फार मोठा विचार नव्हता. निळी मेथी बाजारात घेणार कोण? पुढं मला वाटत राहिलं, की एवढी वर्षं आमच्या मेथी-कोथिंबिरीला त्या डागानंच राखलं. डाग गेला तसा राखणदारही गेला.

बाटली आमच्या घरात आणली ती माझ्या नवऱ्यानं. हे शिरोलीला फौंड्रीत कामाला आहेत. शेताकडं लक्ष रविवारपुरतं, बाकी सगळा कारभार माझ्याकडं. त्या थंडीत मेथी आणि कोथिंबीर दोन्हींवर ठिपके आले. मी म्हणत होते, थोडी खराब निघेल, निवडून विकू. ह्यांना ते पटलं नाही. रविवारी त्यांनी फवारलं आणि चार दिवसांत ठिपके वाढायचे थांबले. पानं हिरवीगार, तुकतुकीत. एक डाग नाही. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा फवारलं आणि टोपण जरा सढळ हातानं ओतलं. विहिरीकडच्या कोपऱ्यात पोचेपर्यंत पंपातलं औषध संपलं, म्हणून तेवढा तुकडा दोन्ही वेळा तसाच राहिला.

दुसऱ्या फवारणीनंतर मेथी वाढायचीच थांबली. वरून काही वाईट दिसत नव्हतं, उलट अगदी चित्रातल्यासारखी भाजी दिसत होती. पण रोज बघणाऱ्याला कळतं. काल जिथं होती तिथंच आज आहे. मी एक रोप उपटलं. मेथीचं मूळ कसं असतं हे आमच्या भागात सांगावं लागत नाही, आम्ही मेथी मुळासकट उपटून तिच्या पेंड्या बांधतो. पांढरं, लांब, बारीक तंतू असलेलं मूळ. माझ्या हातात आलं ते बोटाच्या पेराएवढं, तपकिरी आणि टोकाशी जळाल्यासारखं. मग मी विहिरीकडचं एक उपटलं. त्या पानावर ठिपके होते, पण मूळ लांबसडक, पांढरं.

शेतकी कॉलेजातले एक सर माझ्याकडून भाजी नेतात. मी दोन्ही रोपं त्यांच्यापुढं धरली. त्यांनी मुळं उलटसुलट करून बघितली. म्हणाले, "ह्या तांब्याचे कण फार बारीक असतात. पानावर किती बसले, आत किती गेले, हे तपासल्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही. धुतल्यावर सगळं निघून जातं असं मी म्हणणार नाही. आणि ही भाजी विषारीच आहे, असंही म्हणणार नाही."

"मग विकू की नको?"

"तुम्ही घरात खाल का?"

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, हे वाफे नांगरून टाकायचे. आधी ते हसले, मग चिडले. "एवढी झकास भाजी मातीत घालतीस? बाजारात बग जा, निम्म्या लोकांनी हेच मारलंय." ते खरंही असेल. पुढं मग बोलणंच थांबलं. ताट वाढायचं, ताट उचलायचं, मधे भांड्यांचा आवाज. माझं ठरलं होतं. ट्रॅक्टरवाल्याला गुरुवारी यायला सांगितलं होतं.

मामा ह्या सगळ्या दिवसांत घरी नव्हते. आजऱ्याकडं त्यांच्या बहिणीच्या घरी लग्न होतं, तिथं ते आधी गेलेले आणि नंतरही रेंगाळलेले. बुधवारी पहाटेच्या एसटीनं ते आले. मी तेव्हा वांगी घेऊन बाजाराला निघून गेले होते आणि हे पहिल्या पाळीला. घरात कुणी नाही म्हणून मामा सरळ शेतावर गेले.

आमच्याकडं भाजी पहिल्यांदा काढली की विकायच्या आधी वानवळा जातो. भाऊबंद, लेकी, शेजारी, ज्यांच्याशी आपलं येणंजाणं आहे त्या प्रत्येक घरात एकेक पेंडी. मामांच्या हिशेबी वानवळा पोचल्याशिवाय पिकाला अर्थच नाही, आणि तो पोचवायचा मान त्यांचा. सायकलच्या हँडलला पिशव्या अडकवून ते घराघरापुढं घंटी वाजवतात.

मी बाजारातून परत आले तेव्हा वाफ्याचा एक लांब पट्टा मोकळा झालेला दिसला. ओली माती उघडी पडलेली. मला वाटलं चोरी झाली, आणि क्षणभर बरंच वाटलं. मग बांधावर मामांचा टॉवेल दिसला.

घरी पोचले तर मामा दारात सायकल लावत होते. पिशव्या रिकाम्या, चेहरा खुशीत.

"काय भाजी आणलीस गं रेखा! पानाला डाग न्हाय. गल्लीत सगळी इचारत्यात, आबा, कुणाच्या हातची?"

"मामा, कुणाकुणाला दिली?"

"सगळ्यास्नी. पयली पेंडी सुमनकडं. शीतलला घोळाणा पायजे हुता, चार दिस झालं मागत हुती म्हणं."

सुमन ही माझी नणंद, कारखान्याच्या पलीकडच्या कॉलनीत राहते. शीतल तिची मुलगी, पहिलटकरीण, सातव्या महिन्यात आईकडं आलेली. घोळाणा म्हणजे कच्ची मेथी. कांदा, शेंगदाण्याचा कूट, मीठ आणि वरून कच्चं तेल. शिजवायचं काही नाही. भाकरीबरोबर मूठमूठ खायचं.

"मामा, त्यावर औषध मारलंय. दोन वेळा."

"कुटं मारलंय? मी काय आंधळा हाय? निळा ठिपका दाव मला एक."

"हे निळं पडत नाही."

"निळं पडत न्हाय ते तांबं कसलं?"

त्यांचं चुकत होतं असं तरी कसं म्हणू? सगळं आयुष्य त्यांनी निळ्यावर विश्वास ठेवून शेती केली. निळं दिसलं की औषध आहे, नाही दिसलं की नाही. बाटली बनवणाऱ्यांनी डाग काढून टाकला आणि हे मामांना सांगायला कुणी आलं नाही. मीही नाही, कारण ते घरात नव्हते.

सुमनला फोन लावला, तो वाजत राहिला. ती स्वयंपाकघरात असली की फोन बाहेर टीव्हीवर असतो. मी उलट पावली शेताकडं धावले. मोकळ्या पट्ट्याशेजारची दोन रोपं उपटली, विहिरीकडची दोन उपटली, पदरात धरली आणि घरी येऊन स्कूटर काढली. मामा मागं येऊन बसले.

"मी बी येतो. माझ्या पोरीच्या दारात जाऊन तू माजी अब्रू काडणार, आणि मी घरात बसू व्हय?"

वाटेत ट्रॉल्यांची रांग लागली होती. एक ट्रॉली आडवी, पुढं ड्रायव्हर दुसऱ्याशी भांडत होता. मी हॉर्न वाजवून वाजवून हैराण. ड्रायव्हर म्हणाला, "जरा दम धरा की वैनी, विमान सुटायला लागलंय व्हय?" मामा मागून ओरडले, "तिला दम न्हाय, माझ्या पेंडीत तिला साप दिसलाय!" ड्रायव्हर हसला. मी गटाराच्या कडेनं स्कूटर घातली.

सुमनच्या घरात पाय ठेवला तर शीतल सोप्यात भिंतीला टेकून बसलेली, पुढ्यात ताट. ताटात ज्वारीची भाकरी आणि हिरवागार घोळाणा. सुमन तेलाची बुदली घेऊन वाकली होती.

"शीतल, खाऊ नकोस."

दोघींनी वर बघितलं. मी सांगितलं. नीट सांगायचं म्हटलं तरी धापा टाकत बोललेलं नीट कुठं होतं? सुमननं बुदली खाली ठेवली.

"वैनी, बापानं दिल्याला वानवळा तुमी परत मागाया आलाय?"

"परत मागत नाही. खाऊ नका म्हणते."

"एकच की. औषध कोण मारत न्हाय? आमी बाजारातनं आणतो ते काय देवानं धुऊन दिल्यालं असतंय?"

शीतलचा हात ताटाच्या काठावर तसाच होता. "मामी, मी तीन पाण्यानं धुतलीया," ती म्हणाली. चार दिवस जिभेवर असलेली चव समोर होती. ती माझ्याकडं बघत होती, आईकडं बघत होती, आणि नजर पुन्हा ताटाकडं जात होती.

तेवढ्यात मामा पुढं आले. शीतलच्या शेजारी मांडी घालून बसले, तिच्या ताटातला घोळाणा मुठीत घेतला आणि तोंडात घातला.

"बग. मी खातो. काय हुतंय ते बगूया."

ते चावत राहिले, आमच्याकडं बघत. घरात तेवढाच एक आवाज, कच्ची मेथी चावल्याचा. एक घास झाला, दुसरा घेतला. मामा धडधाकट. काहीही झालं नाही, आणि काही होणारही नव्हतं. मला भीती वाटत होती ती नेमकी त्याचीच. दोन घास खाऊन माणूस पडत नसतो. पण शीतलच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होताना मला दिसत होता. आज्जानं खाल्लं, आज्जा बरा आहे. तिनं भाकरीचा तुकडा मोडला.

मी पदरातली रोपं काढून ताटाशेजारी फरशीवर ठेवली. दोन एकीकडं, दोन एकीकडं.

"मामा, पान राहू द्या. मुळं बघा."

"काय बगायचंय?"

"एकाच दिवशी पेरलेली आहेत, एकाच विहिरीचं पाणी. हे मारलेलं, हे न मारलेलं."

त्यांनी आधी मान फिरवली. मग शेतकऱ्याला मूळ दाखवलं की जे होतं तेच झालं, हात आपोआप पुढं आला. त्यांनी आखूड मूळ उचललं, अंगठ्यानं माती झाडली, नखानं टोक खरवडलं. तपकिरी साल निघाली, आत काहीच नव्हतं. दुसरं उचललं. पांढरं मूळ त्यांच्या तळहातावरून खाली लोंबलं. मामांचं चावणं थांबलं.

"हे माझ्याच वाफ्यातलं?"

"तुम्ही उपटलं त्याच्या शेजारचं."

"उपटताना म्या बगितलं न्हाय. पानंच बगत ऱ्हायलो."

तोंडातला घास त्यांनी हातावर काढला. हाताची मूठ केली आणि शीतलला म्हणाले, "ठेव गं ते खाली." शीतलनं तुकडा ठेवला. सुमन ताट उचलून मोरीकडं घेऊन गेली. जाताना माझ्याकडं बघितलं नाही, आणि पुढं गौरी-गणपती येईपर्यंत आमच्या घरी आलीही नाही.

शीतलची मुलगी आता घरभर पळते. ठणठणीत आहे. मामा अधूनमधून मला डिवचतात, "बग, काय झालं?" मी म्हणते, तिच्या आईनं ती भाजी खाल्लीच नाही, मग मी काय बघू? आणि खाल्ली असती तरी पोर अशीच पळाली असती, हेही शक्य आहे. हे मला मान्य करावं लागतं आणि ते करताना मला बरं वाटत नाही. डोळ्यांना दिसेल असं काही घडलं असतं तर माणसं शहाणी झाली असती. काही घडलं नाही, म्हणून ती बाटली आजही काउंटरवर आहे आणि मी आजही पानं उलटी करत बसते. ह्या वर्षीची ठिपक्यांची मेथी मी निवडून विकणार आहे, खराब निघेल ती गुरांनाही न घालता मातीत जाईल. ह्यांनी ह्या वेळी विरोध केला नाही. मदतही केली नाही.

पण त्या बुधवारचं काम सुमनच्या घरी संपलं नव्हतं. गल्लीतल्या पेंड्या राहिल्या होत्या. मी म्हटलं, मी जाऊन सांगते. मामांनी नको म्हटलं. "दिली म्या. तू मागितलीस तर भांडान हुईल."

गल्लीत परतल्यावर घरातली रिकामी पिशवी घेऊन ते चालत निघाले. मी स्कूटर ढकलत मागं. आमच्या गल्लीत वानवळा परत मागितल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. पहिल्या दारात मामांनी घंटीऐवजी खाकरा काढला.

"सकाळची पेंडी दे गं परत."

"का वो आबा, जादा दर मिळाला व्हय?"

मामा एका शब्दावर दहा शब्द परत करणारा माणूस. त्या दिवशी त्यांनी नुसती पिशवी पुढं धरली. "औषध हाय त्यावर. मला ठावं नव्हतं." दुसऱ्या दारात तेच. तिसऱ्या दारात म्हातारी हसली, "आबा, वयमानानं इसराया लागला म्हणायचं," तरी पेंडी दिली. कुणी चेष्टा केली, कुणी तोंड वाकडं केलं, कुणी निम्मी निवडलेली मेथी परातीतून आणून पिशवीत ओतली. प्रत्येक दारात मामांचा आवाज थोडा खाली येत गेला.

शेवटचं दार मालनचं. ती शिवणकाम करते, नवरा इचलकरंजीला मागावर, घरात दोन लहान मुली. ती हात पुसत बाहेर आली.

"पेंडी कुठली आता, आबा? पोरींनी सकाळीच घोळाणा करून खाल्ला. लई गोड हुती भाजी."

मामांनी सांगितलं. मालनचा हात पदरात तसाच राहिला. आतून मुलींचा खेळण्याचा आवाज येत होता.

"मग आता काय हुईल, आबा?"

मामांनी वळून माझ्याकडं बघितलं. मालनही माझ्याकडं बघायला लागली. मी शिकलेली, मी शेत सांभाळणारी, मीच तर हे सगळं थांबवायला निघाले होते. मी स्कूटरचं स्टँड लावलं, कारण हात कुठं ठेवावेत ते कळेना.

"बहुतेक काही होणार नाही," मी म्हटलं. "पण खरं सांगायचं तर मला माहीत नाही."

"मग कुणाला माहीत हाय?" मालननं विचारलं.

ती दारातच उभी राहिली. आम्ही दोघंही उभे राहिलो.